फटीग चाचणीत एकसारखे नमुने इतके वेगवेगळे का तुटतात?

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे मधूनच वाचायला आलेल्यालाही संदर्भ लागेल. तुम्ही एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी ईएन ८ (मध्यम कार्बनचं स्टील) च्या एकाच सळईतून सहा नमुने काढले, एकाच लेथवर टर्न करून घेतले, पॉलिश केले आणि अक्षीय फटीग मशीनवर, म्हणजे नमुना तुटेपर्यंत त्याच्यावर तोच लोड पुन्हा पुन्हा देणाऱ्या मशीनवर, एकाच स्ट्रेसला चालवले. ते तुटले १,१०,०००, १,६०,०००, २,१०,०००, २,७०,०००, ३,९०,००० आणि ७,२०,००० सायकलींना. पहिला आणि शेवटचा यांत साडेसहा पटींचा फरक. तुम्हाला वाटतंय की चाचणीच बिघडली. तुमचे गाइड, ज्यांचं संशोधनच फटीग आणि स्ट्रक्चरल रिलायबिलिटीवर आहे, ते म्हणतात की एकही आकडा फेकू नका, आधी फ्रॉइडेन्थल (रचनांच्या सुरक्षिततेचं गणित मांडणारे अभियंते) वाचा. तुमचा सवाल असा की सरासरी काढून त्यावर २ चा सेफ्टी फॅक्टर लावला तर बिघडतं कुठे, आणि संभाव्यतेची ही गणितं कारखान्यात खरंच कोणी वापरतं का.

मी पुण्याजवळच्या ऑटो पार्ट्सच्या पट्ट्यात अनेक वर्षं फटीग चाचण्यांचं काम करतो. ॲक्सल शाफ्ट, सस्पेन्शन आर्म, कमानपाटे, वेल्ड केलेले ब्रॅकेट, हे सगळं रोज हाताखालून जातं. तुमचे आकडे पाहून मला जराही धक्का बसला नाही. स्टीलच्या नमुन्यांत, आणि तेही मध्यम ते कमी स्ट्रेसला, इतका स्कॅटर (आकड्यांचा पसारा) नेहमीचा आहे. सहाच्या सहा नमुने दोन लाखांच्या आसपास तुटले असते तर उलट मी मशीनचा काउंटर तपासायला सांगितलं असतं.

तुमचे प्रश्न तीन दिसतात, पण मुळात एकच आहे: अहवालात 'या भागाचं आयुष्य' म्हणून कोणता आकडा लिहायचा? त्याचं उत्तर असं की नुसता आकडा लिहिताच येत नाही. आकड्यासोबत आणखी दोन गोष्टी लिहाव्या लागतात. त्या आकड्याआधी शंभरातले किती भाग तुटतील, आणि हे सांगताना आपली खात्री किती आहे. या दोन गोष्टींशिवाय फटीगचं आयुष्य सांगणं अपुरं असतं.

पण गणिताकडे जाण्याआधी चाचणी तपासून घ्या. सगळा स्कॅटर निसर्गाच्या नावावर टाकणं हेही चूक आहे. अक्षीय मशीनवर पहिला संशय ग्रिपच्या अलाइनमेंटवर घ्यायचा. नमुना थोडा तिरका पकडला गेला की ओढीसोबत वाक येतो आणि एका बाजूला स्ट्रेस वाढतो. ५ टक्के वाढला तर काय होतं, असं वाटेल. गुळगुळीत मशीन केलेल्या स्टीलच्या नमुन्यात आयुष्य स्ट्रेसच्या साधारण आठव्या-दहाव्या घाताने घसरतं. दहावा घात धरला तर ५ टक्के जास्त स्ट्रेस म्हणजे आयुष्य सुमारे ४० टक्क्यांनी कमी. म्हणून एका नमुन्यावर चारही बाजूंना स्ट्रेन गेज चिकटवा, लोड अगदी कमी ठेवा आणि चारही वाचनं जुळतात का पाहा. तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये हे अर्ध्या दिवसाचं काम आहे.

दुसरं, तुटलेली तोंडं पाहा. साधा स्टिरिओ मायक्रोस्कोप पुरतो, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी थांबू नका. फटीगने तुटलेल्या तोंडाचे दोन भाग सहज ओळखू येतात. तडा हळूहळू वाढला तो भाग सपाट आणि मऊसर दिसतो. उरलेलं क्षेत्र लोड पेलेनासं झाल्यावर एका झटक्यात तुटलं, तो भाग खडबडीत दिसतो. कामावर वापरलेल्या भागांत सपाट पट्ट्यात शिंपल्यावर असतात तशा वळणदार रेषा दिसतात. तुमच्या नमुन्यावर लोड एकसारखाच होता, त्यामुळे त्या बहुधा दिसणार नाहीत, पण सपाट भाग कोणत्या बिंदूपासून पसरला ते नक्की कळेल. त्या बिंदूवर काय आहे? टर्निंगचा राहून गेलेला ओरखडा, पृष्ठभागाखालचा अधातूचा कण, की गेज लांबीच्या (नमुन्याच्या मधल्या बारीक भागाच्या) बाहेर फिलेटपाशी (जाड भागाकडे जाणाऱ्या गोलाईपाशी) सुरुवात झाली आहे? सहाही नमुन्यांची सुरुवात नोंदवा. १,१०,००० चा नमुना फिलेटपाशी तुटला असेल आणि बाकीचे मधोमध, तर तो वेगळ्या कारणाने तुटला आहे आणि त्याला बाकीच्यांच्या रांगेत बसवता येणार नाही.

याचं महत्त्व कळावं म्हणून कामावरचा एक प्रसंग सांगतो. एका पुरवठादाराचे वेल्ड केलेले ब्रॅकेट चाचणीला आले होते. निकाल वाइबुल कागदावर (एकाच प्रकारे तुटणाऱ्या भागांची आयुष्यं सरळ रेषेत येतात अशा आलेखावर) मांडले तर एक सरळ रेष येईना, मधेच गुडघ्यासारखा बाक येत होता. कोणीही म्हणालं असतं, स्कॅटर मोठा आहे, सोडून द्या. तुटलेले सगळे ब्रॅकेट टेबलावर ओळीने मांडले. लवकर तुटलेल्यांत तडा एकाच ठिकाणाहून निघालेला, वेल्डच्या शेवटच्या टोकाशी. तिथे बोटाचं नख फिरवलं तरी अडकेल असा अंडरकट (वेल्डच्या कडेची खाच) होता. उशिरा तुटलेल्यांत तो नव्हता. शॉपमध्ये चौकशी केली तेव्हा कळलं की दोन फिक्श्चरवर वेल्डिंग होत होतं आणि एकावर टॉर्चला शेवटच्या वळणात पुरेशी जागा मिळत नव्हती. म्हणजे मुळात दोन वेगळे माल एकाच पेटीत आले होते. फिक्श्चर बदललं आणि खालची रांग नाहीशी झाली. त्या दिवशी नुसती सरासरी काढली असती तर दोन्ही मालांना लागू न पडणारा एक आकडा हाती आला असता.

आता समजा तुमचं अलाइनमेंट ठीक आहे, सगळे नमुने गेज लांबीतच तुटलेत आणि एकाच प्रकारे तुटलेत. तरीही सहा पट फरक कसा? एकच सळई म्हणजे एकच धातू, हे आपण धरून चालतो. ओढून तोडण्याच्या चाचणीत ते बऱ्यापैकी खरंही असतं, कारण तिथे सगळा काटछेद मिळून लोड पेलतो आणि बारीकसारीक फरक एकमेकांत मुरतात. फटीगमध्ये तसं होत नाही. तडा एका जागी जन्मतो, आणि ती जागा पृष्ठभागावरच्या लाखो कणांमधली सगळ्यात वाईट जागा असते. एखादा कण नको त्या दिशेला वळलेला, त्याच्याशेजारी एखादा अधातूचा ठिपका, वरून पॉलिशमध्ये राहिलेली बारीक रेघ. हा योग एका नमुन्यात जुळतो, दुसऱ्यात अर्धवट जुळतो. सरासरी दोष किती आहे याने फार काही ठरत नाही, सगळ्यात मोठा दोष कुठे बसलाय यावर ठरतं. स्ट्रेस जास्त असला की तडा अनेक ठिकाणी लवकर जन्मतो आणि आयुष्याचा बराच भाग तडा वाढण्यात जातो, म्हणून स्कॅटर कमी दिसतो. एन्ड्युरन्स लिमिटच्या (ज्या स्ट्रेसखाली नमुना जवळपास तुटतच नाही, त्याच्या) जवळ गेलात की बहुतेक आयुष्य तडा जन्मण्यातच जातं आणि स्कॅटर फुगतो. तुम्ही कोणत्या स्ट्रेसला चाचणी केली ते लिहिलेलं नाही, पण लाखांच्या आकड्यांवरून तुम्ही त्या लिमिटकडे झुकलेल्या भागात असावात.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते, जी विद्यार्थी हमखास विसरतात. मोठ्या भागात वाईट जागा सापडण्याची शक्यता जास्त असते. तुमच्या सात-आठ मिलिमीटरच्या नमुन्याचं आयुष्य थेट साठ मिलिमीटरच्या शाफ्टला लावता येत नाही. शाफ्टचा पृष्ठभाग मोठा, म्हणून तो आणखी लवकर तुटण्याकडे कल.

तुमच्याच आकड्यांवर हिशेब करून दाखवतो. साधी सरासरी येते ३,१०,०००. सहापैकी चार नमुने त्याच्या आधीच तुटलेत, एवढं पाहिलं तरी ती सरासरी कुणाच्या कामाची आहे हे कळतं. एका ७,२०,००० वाल्याने तिला वर ओढली आहे. म्हणून फटीगमध्ये आयुष्याचा लॉगरिदम घेऊन काम करतात. लॉगची सरासरी काढून परत फिरवली की येतं साधारण २,५६,०००. हे मधलं आयुष्य, म्हणजे निम्मे भाग याआधी तुटणार. दहाच्या पायावरच्या लॉगचं प्रमाण विचलन (पसाऱ्याचं माप) येतं ०.२९. आता शंभरातले पंच्याण्णव टिकतील असं आयुष्य हवं असेल तर मधल्या लॉगमधून विचलनाच्या १.६४५ पट वजा करायचे. उत्तर येतं साधारण ८५,०००.

पण इथे थांबलात तर अर्धंच काम झालं. ०.२९ हे विचलन तुम्ही फक्त सहा नमुन्यांवरून काढलं आहे. सातवा, आठवा नमुना ते कुठे नेईल हे माहीत नाही. या अज्ञानाची किंमत मोजण्यासाठी सांख्यिकीत टॉलरन्स फॅक्टरचे तक्ते असतात. पंच्याण्णव टक्के टिकतील, आणि हे विधान पंच्याण्णव टक्के खात्रीने करायचं, तर सहा नमुन्यांसाठी १.६४५ च्या जागी ३.७०७ घ्यावे लागतात. उत्तर घसरून साडेएकवीस हजारांवर येतं. हाच स्कॅटर तीस नमुन्यांवरून मिळाला असता तर फॅक्टर २.२२० आणि आयुष्य साधारण ५८,०००. स्टील तेच, स्कॅटर तोच. फक्त आपल्याला किती माहिती आहे यावर सांगता येणारं आयुष्य अडीच-पावणेतीन पट बदललं.

आता तुमचा 'सरासरी भागिले २' तपासा. ३,१०,००० भागिले २ म्हणजे १,५५,०००. तुमच्याच सहापैकी एक नमुना त्याआधी तुटला आहे आणि दुसरा अगदी काठावर आहे. हे कोणत्याही ग्राहकासमोर ठेवता येणार नाही. इथवरचा मुद्दा एवढाच: आधी चाचणी आणि तुटलेली तोंडं तपासा, मग लॉगमध्ये हिशेब करा, आणि नमुने कमी असतील तर त्याचा दंड मान्य करा.

हा धडा किती महागात शिकला गेला ते कॉमेट विमानाच्या इतिहासात दिसतं. १९५४ मध्ये दोन कॉमेट जेट विमानं हवेत फुटली, जानेवारीत एल्बा बेटाजवळ आणि एप्रिलमध्ये नेपल्सजवळच्या समुद्रावर. पहिलं १,२९० उड्डाणांनंतर, दुसरं ९०० उड्डाणांनंतर. मग इंग्लंडमधल्या फार्नबरोला तिसरं विमान पाण्याच्या टाकीत ठेवून आतला दाब पुन्हा पुन्हा चढवला-उतरवला. ते प्रत्यक्ष उड्डाणं आणि टाकीतल्या सायकली धरून ३,०५७ ला फाटलं. एकाच डिझाइनची तीन विमानं, ९००, १,२९० आणि ३,०५७. तुमच्या नमुन्यांइतका नाही, तरी जवळजवळ साडेतीन पटींचा पसारा. आणि या अपघातांआधी केबिनचा जो भाग कंपनीने चाचणीला लावला होता, त्याने सुमारे १६,००० सायकली काढल्या होत्या! त्या आकड्यावर सगळे निश्चिंत होते. पण त्याच तुकड्यावर आधी ताकदीची चाचणी झाली होती, दाब कामाच्या दाबाच्या दुपटीपर्यंत नेला होता. त्यामुळे भोकांच्या आणि कोपऱ्यांच्या आसपासचा धातू थोडा यील्ड झाला (कायमचा ताणला गेला), दाब काढल्यावर तिथे धातूला आवळून धरणारा (कॉम्प्रेसिव्ह) स्ट्रेस साठून राहिला आणि तडा जन्मायला उशीर झाला. प्रवासी घेऊन उडणाऱ्या विमानांना तो फायदा मिळालेला नव्हता. एकच नमुना, तोही सेवेतल्या विमानांसारखा नसलेला. म्हणून मी प्रत्येक नव्या इंजिनिअरला विचारतो की तुझा नमुना रस्त्यावर धावणाऱ्या भागासारखाच बनलाय का, आणि चाचणीआधी त्याच्यावर काय काय झालंय.

आता फ्रॉइडेन्थल. तुमच्या सरांनी त्यांचं नाव उगाच घेतलेलं नाही. आल्फ्रेड फ्रॉइडेन्थल हे मुळात स्थापत्य अभियंते. तेल अविव बंदराच्या कामावर होते, हैफाला शिकवत होते, पुढे अमेरिकेत गेले आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९४७ मध्ये त्यांचा रचनांच्या सुरक्षिततेवरचा लेख प्रसिद्ध झाला. त्यातला गाभा असा: लोडही निश्चित नसतो आणि ताकदही निश्चित नसते, दोन्हींना आपापला पसारा आहे. मग सुरक्षितता म्हणजे ताकद लोडपेक्षा कमी पडण्याची शक्यता किती, हे मोजणं. सेफ्टी फॅक्टर हा त्या शक्यतेतून काढायला हवा, परंपरेने चालत आला म्हणून घ्यायचा नाही. कोलंबियात त्यांच्यासोबत एमिल गुम्बेल होते. नाझींच्या विरोधात उघड भूमिका घेतल्यामुळे या गणितज्ञाला जर्मनी सोडावी लागली होती. अतिटोकाच्या किमतींचं सांख्यिकी हा गुम्बेलांचा विषय. सगळ्यात मोठा पूर, सगळ्यात कमी ताकद, सगळ्यात वाईट दोष. दोघांनी मिळून १९५३ मध्ये फटीग चाचण्यांच्या सांख्यिकी अर्थावर लिहिलं. स्वीडनचे वालोदी वाइबुल याच दिशेने आधीपासून काम करत होते. साखळी सगळ्यात कच्च्या कडीपाशी तुटते, या कल्पनेवरच त्यांचं वितरण उभं आहे. १९६० च्या दशकात कोलंबियात फ्रॉइडेन्थल यांच्या हाताखाली फटीग आणि रिलायबिलिटी याच विषयाची संस्था चालत होती. फटीग आणि रिलायबिलिटी हे दोन शब्द आज तुमच्या सरांच्या नावापुढे एकत्र दिसतात, ते एकत्र आणणाऱ्यांत फ्रॉइडेन्थल अग्रभागी होते.

सेफ्टी फॅक्टर का फसवतो ते एका छोट्या उदाहरणात दाखवतो. ताकदीची सरासरी ३०० मेगापास्कल, लोडमुळे येणाऱ्या स्ट्रेसची सरासरी १५०. फॅक्टर २. आता समजा ताकदीचं विचलन ३० आणि स्ट्रेसचं २०. दोन्ही नॉर्मल वितरण धरली तर फरकाची सरासरी १५० आणि फरकाचं विचलन साधारण ३६. भागाकार ४.१६. याला रिलायबिलिटी इंडेक्स म्हणतात, आणि ४.१६ म्हणजे मोडण्याची शक्यता लाखात दीड-दोन. आता दुसरा कारखाना घ्या, माल कधी या गिरणीचा कधी त्या गिरणीचा, हीट ट्रीटमेंट ढिली, लोडही बेभरवशाचा. विचलनं ६० आणि ४५. फरकाचं विचलन ७५, इंडेक्स २, मोडण्याची शक्यता शंभरात दोनपेक्षा जास्त. दोन्हीकडे ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं 'सेफ्टी फॅक्टर २'. एक लाखात दीड-दोन, दुसरा शंभरात दोन! हे गणित विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवायला हवं असं माझं ठाम मत आहे.

लोडच्या बाजूचं मी वर एका वाक्यात उरकलं, पण प्रत्यक्षात गोंधळ तिथेच जास्त असतो. लॅबमध्ये स्ट्रेस आपण ठरवतो. रस्त्यावर तो ड्रायव्हर, खड्डा आणि मालक ठरवतात. गळीत हंगामात कोल्हापूर-सांगलीकडे उसाच्या ट्रॉल्या कशा भरतात ते तुम्ही पाहिलंच असेल. वेल्ड केलेल्या सांध्यात आयुष्य साधारण स्ट्रेसच्या तिसऱ्या घाताने घसरतं. सतत २० टक्के जास्त भार म्हणजे आयुष्य ५८ टक्क्यांवर. दुप्पट स्ट्रेस म्हणजे आठवा हिस्सा. वेगवेगळ्या लोडचं नुकसान जोडण्यासाठी आपण पाल्मग्रेन-माइनरचा नियम वापरतो. १९२४ मध्ये पाल्मग्रेन यांनी बेअरिंगसाठी तो मांडला, १९४५ मध्ये माइनर यांनी विमानांच्या संदर्भात. प्रत्येक लोडच्या वाट्याचं आयुष्य किती खर्च झालं ते जोडत जायचं, बेरीज १ झाली की भाग तुटला. प्रत्यक्षात भाग कधी बेरीज अर्ध्यावर असतानाच तुटतो, कधी बेरीज २ च्या पुढे जाते, कारण मोठा धक्का आधी आला की नंतर याने फरक पडतो आणि हा नियम क्रम पाहत नाही. तरीही मी तो रोज वापरतो. पर्याय अवघड आहेत, आणि नियमाची अनिश्चितता माहीत असेल तर तीही इंडेक्सच्या हिशेबात धरता येते.

मग किती रिलायबिलिटी पुरे? इथे सरळ उत्तर नाही, परिस्थितीवर आहे. तीन गोष्टी पाहायच्या. तुटलं तर काय होतं, तुटण्याआधी तडा दिसेल का, आणि एक भाग गेला तर बाकीचे लोड वाटून घेतील का. युरोपच्या मानकात फटीगसाठी पन्नास वर्षांचा अपेक्षित इंडेक्स एकच दिलेला नाही, १.५ ते ३.८ असा पट्टा दिला आहे. तपासता येणारा, दुरुस्त करता येणारा, नुकसान सोसणारा भाग खालच्या टोकाला. कधीच दिसणार नाही आणि गेला तर सगळं घेऊन जाईल असा भाग वरच्या टोकाला. आपल्या आयएस ८००:२००७ मध्ये तेराव्या विभागात हाच विचार पार्शल फॅक्टरच्या (फटीगची ताकद ज्या आकड्याने भागायची त्याच्या) रूपात आहे. नियमित तपासणी होणाऱ्या, सहज हात पोचणाऱ्या आणि एक भाग गेला तरी उभ्या राहणाऱ्या रचनेला १.००. हात पोचत नाही आणि पर्यायी वाटही नाही, तर १.३५. वेल्ड केलेल्या सांध्यात १.३५ चा घन साधारण २.५, म्हणजे कागदावर अडीच पट जास्त आयुष्य मागितलं जातं.

हे तिन्ही मुद्दे एकाच अपघातात दिसतात. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात नॉर्वेच्या हद्दीत अलेक्झांडर कीलँड ही तरंगती रिग उलटली आणि १२३ माणसं गेली. तडा निघाला होता एका आडव्या ब्रेसवर (पाय जोडणाऱ्या नळीवर), तिथे एक हायड्रोफोन (पाण्यातला आवाज टिपणारं यंत्र) बसवायला आधार वेल्ड केला होता. सहा मिलिमीटरचा फिलेट वेल्ड. रचनेच्या ताकदीच्या हिशेबात त्या आधाराला कोणी धरलंच नव्हतं. तपासात तड्याच्या आत रंग सापडला, म्हणजे रिग रंगवली तेव्हाच तिथे तडा होता. तो ब्रेस तुटला, बाकीच्या ब्रेसवर भार गेला, तेही तुटले, पाय निखळला. भरपूर सेफ्टी फॅक्टर असलेल्या रचनेत एका किरकोळ वाटणाऱ्या वेल्डने सगळं नेलं. म्हणून चेसिसवर कोणी वायरिंगची क्लिप वेल्ड करायला निघालं की मी आडवा येतो. बोल्ट लावा, पट्टा लावा, वेल्ड नको.

'कारखान्यात हे कोण वापरतं' या प्रश्नाचं उत्तर तुमच्या हातातल्या कुठल्याही बेअरिंगच्या कॅटलॉगमध्ये आहे. तिथे एल१० आयुष्य लिहिलेलं असतं. त्याचा अर्थच असा की तेवढ्या फेऱ्यांत शंभरातले दहा बेअरिंग गेलेले असतील, नव्वद चालू असतील. त्याच बॉल बेअरिंगचं मधलं आयुष्य त्याच्या सुमारे पाच पट असतं. कोणतीही कंपनी तो पाच पटीचा आकडा छापत नाही, आणि विकत घेणारा मागतही नाही. वाहन उद्योगात ग्राहक आम्हाला बी१० किंवा बी५ (शंभरातले दहा किंवा पाच भाग तुटतील ते आयुष्य) विचारतो आणि सोबत खात्रीची टक्केवारी विचारतो. 'सरासरी किती' असं विचारणारा ग्राहक आता क्वचितच भेटतो.

तुमच्या प्रोजेक्टचं पुढे काय करायचं ते आता सांगतो. किती नमुने आणि मशीनचा किती वेळ शिल्लक आहे त्यावर बरंच अवलंबून आहे. सहाच नमुने आणखी मिळणार असतील तर ते याच स्ट्रेसला चालवू नका. साधारण १५-२० टक्के वरच्या स्ट्रेसला चालवा. तिथे स्कॅटर आकसतो का पाहा, आणि दोन पातळ्यांवरून एस-एन (स्ट्रेस विरुद्ध आयुष्य) रेषेचा उतार मिळेल. एका पातळीवरच्या बारा नमुन्यांपेक्षा दोन पातळ्यांवरचे सहा-सहा नमुने तुमच्या प्रबंधाला जास्त देतील. एन्ड्युरन्स लिमिट हवी असेल तर स्टेअरकेस पद्धत वापरा: नमुना टिकला तर पुढच्याला एक पायरी वर, तुटला तर एक पायरी खाली. त्याला पंधरा तरी नमुने ठेवा. न तुटता थांबवलेला नमुना असेल तर त्याचा आकडा तुटल्यासारखा सरासरीत घालू नका. त्याला 'किमान एवढा' असंच नोंदवायचं असतं आणि हिशेबात तसंच हाताळायचं असतं. वाइबुल आणि लॉग-नॉर्मल (आयुष्याच्या लॉगला नॉर्मल) ही दोन्ही वितरणं लावून पाहा. सहा बिंदूंवर दोन्ही चांगले बसतील, आणि म्हणून कोणतं खरं यावर पानं खर्च करू नका. फरक पडतो तो खालच्या शेपटीत, हजारात एकाच्या प्रदेशात, आणि तिथे पोचण्याइतके नमुने ना तुमच्याकडे आहेत ना माझ्याकडे असतात.

७,२०,००० चा नमुना वगळायचा मोह होईल, कारण तो गेला की आलेख देखणा होतो. वगळायचा असेल तर कारण तुटलेल्या तोंडावर दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर तो राहू द्या.

आणि तुटलेले सगळे तुकडे जपून ठेवा. दोन तोंडं एकमेकांना जुळवून बघायचा मोह प्रत्येकाला होतो, तो करू नका. एकदा घासली गेली की तड्याची सुरुवात पुसून जाते. तोंडांना बोट लावू नका, घामाने गंज चढतो. प्रत्येक तुकडा वेगळ्या पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी, वर नमुन्याचा क्रमांक आणि सायकलींचा आकडा. आधीचे सहा अजून लॅबच्या भंगारच्या डब्यात असतील तर आजच जाऊन काढा.